वचन उद्याचं, यंत्र आजचं

एप्रिल १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअरमध्ये ॲडम ऑस्बोर्न यांनी एक संगणक जाहीर केला. आकार जुन्या शिवणयंत्राच्या पेटीएवढा, वजन सुमारे ११ किलो. पेटीचं झाकण काढलं की त्याच्या आतल्या बाजूला की-बोर्ड असे. समोर मधोमध पाच इंची पडदा आणि त्याच्या दोन्ही अंगांना फ्लॉपी ड्राइव्ह. एका ओळीत ५२ अक्षरं मावत. बॅटरी नव्हतीच, त्यामुळे प्लग मिळेल तिथेच तो चाले. तरीही ‘ऑस्बोर्न १’ हा इकडून तिकडे नेता येणारा पहिला यशस्वी संगणक ठरला.

त्याच्या यशाचं कारण त्याच्या किमतीत होतं. १,७९५ डॉलरमध्ये यंत्र तर मिळेच, शिवाय लिहिण्यासाठी वर्डस्टार, हिशेबासाठी सुपरकॅल्क आणि प्रोग्रॅम लिहिण्यासाठी बेसिक हेही सोबत मिळे. हे प्रोग्रॅम वेगळे विकत घेतले तर यंत्राच्या किमतीच्या जवळपास खर्च झाला असता. विक्री शिखरावर होती तेव्हा महिन्याला दहा हजारांच्या आसपास यंत्रं खपत होती. सप्टेंबर १९८३ मध्ये मात्र ही कंपनी दिवाळखोरीत निघाली.

ऑस्बोर्न यांचं आपल्या देशाशी जवळचं नातं होतं. त्यांचा जन्म १९३९ मध्ये बँकॉकला झाला, पण आईवडील रमण महर्षींचे अनुयायी असल्यामुळे त्यांचं बालपण तामिळनाडूत गेलं. शेवटची वर्षंही त्यांनी कोडाइकनालला काढली आणि २००३ मध्ये तिथेच त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या कंपनीच्या अखेरीबद्दल सांगितली जाणारी गोष्ट संगणकाच्या धंद्यात आजही धडा म्हणून दिली जाते. पुढचं, सुधारलेलं मॉडेल बाजारात येण्याआधीच त्यांनी त्याची वाच्यता केली. गिऱ्हाइकांनी विचार केला, थोडं थांबू या. दुकानदारांनी मागण्या रद्द केल्या, जुना माल पडून राहिला आणि पैसा आटला. या परिणामाला ‘ऑस्बोर्न इफेक्ट’ हे नावच पडलं. गोष्ट इतकी सरळ नव्हती. नऊ इंची पडद्याचा केप्रो आणि आयबीएम पीसीचे प्रोग्रॅम चालवणारा कॉम्पॅक तोवर बाजारात उतरले होते, आणि ऑस्बोर्न यांच्या कंपनीचा कारभारही विस्कळीत होता. पण उद्याच्या यंत्राच्या गाजावाजाने आजच्या यंत्राची विक्री घटते, एवढं मात्र त्यातून पक्कं कळलं.

मला या यंत्रांचं मनापासून वेड आहे. नवा लॅपटॉप जाहीर झाला की मी त्याची चिप, वजन, बॅटरी आणि बिजागरी यांची माहिती रात्री उशिरापर्यंत वाचतो. या वेडातून माझं एक मत बनलं आहे आणि हे प्रकरण त्याच मताबद्दल आहे. सोबत नेता येणाऱ्या संगणकांबद्दलचा गाजावाजा दिशा बहुतेक वेळा बरोबर सांगतो. चुकते ती वेळ, आणि तीही दोन-चार महिन्यांनी चुकत नाही. कधी दहा, कधी वीस, कधी चाळीस वर्षांनी चुकते.

सर्वांत मोठं उदाहरण ॲलन के यांचं. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात काम करत असताना १९७२ मध्ये त्यांनी ‘डायनाबुक’ नावाच्या संगणकाची कल्पना मांडली. वहीएवढा आकार, दोन किलोंहून कमी वजन, सपाट पडदा आणि किंमत ५०० डॉलरच्या आत. हे यंत्र मुलांनी शाळेत आणि घरी वापरायचं, त्यावर वाचायचं, चित्रं काढायची आणि स्वतः प्रोग्रॅमही लिहायचे. त्या काळी संगणक म्हणजे खोली व्यापणारी कपाटं. २०१० मध्ये आयपॅड आला तेव्हा त्याचं वजन ६८० ग्रॅम होतं आणि किंमत ४९९ डॉलरपासून सुरू होत होती. के यांनी रेखाटलेलं बाह्य रूप बहुतांशी खरं व्हायला ३८ वर्षं लागली. मुलांनी स्वतः प्रोग्रॅम लिहावेत हा त्यांच्या कल्पनेचा गाभा मात्र आयपॅडनेही मागेच ठेवला.

चिप धावते, बॅटरी चालते

वेळ का चुकते, याचं उत्तर यंत्र उघडून पाहिलं की मिळतं. पोर्टेबल संगणक म्हणजे वेगवेगळ्या गतीने सुधारणाऱ्या भागांची जुळणी असते. इंटेलच्या ४८६ या १९८९ मधल्या प्रोसेसरमध्ये सुमारे १२ लाख ट्रान्झिस्टर होते. ॲपलच्या २०२० मधल्या एम-१ चिपमध्ये ते १,६०० कोटी झाले. म्हणजे साधारण तीस वर्षांत तेरा हजार पटींहून अधिक वाढ. सोनीने लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आणली. तेव्हापासून आजवर एक किलो बॅटरीत मावणारी ऊर्जा ढोबळमानाने तिप्पट झाली. चिपमध्ये आपण अधिकाधिक बारीक रेघा कोरत गेलो, बॅटरीत मात्र रासायनिक क्रिया आहे. तिथे नवा पदार्थ सापडावा लागतो, तो सुरक्षित ठरावा लागतो आणि शेकडो वेळा चार्ज होऊन टिकावा लागतो.

आणखी एक भाग अजिबात सुधारत नाही, तो म्हणजे माणूस. आपली बोटं तेवढीच रुंद आहेत आणि नजरेला वाचता येईल असं अक्षर तेवढंच मोठं लागतं. खांद्याला पेलणारं वजनही तेच आहे. म्हणूनच यंत्र लहान करत नेलं की एका टप्प्यावर की-बोर्ड बोटांना पुरत नाही आणि पडदा डोळ्यांना.

गाजावाजा नेहमी सर्वांत वेगाने सुधारणाऱ्या भागाचा होतो. यंत्राचा रोजचा अनुभव मात्र सर्वांत मंद भाग ठरवतो.

हे ओळखणाऱ्यांनी साध्या वस्तूंतूनही उत्तम यंत्रं घडवली. १९८३ मध्ये टँडी कंपनीचा ‘टीआरएस-८० मॉडेल १००’ आला. पडद्यावर फक्त आठ ओळी, प्रत्येक ओळीत ४० अक्षरं. पण वजन दीड किलोच्या आत, पूर्ण आकाराचा चांगला की-बोर्ड, आणि टॉर्चमध्ये घालतो तसे चार सेल टाकले की यंत्र वीस तासांच्या आसपास चाले. आतच मॉडेम होता, त्यामुळे बातमीदार घटनास्थळी बातमी लिहून फोनच्या तारेतून कचेरीत पाठवू शकत. त्याच सुमारास ‘ग्रिड कंपस’ हा घडी घालता येणारा, मॅग्नेशियमच्या कवचाचा देखणा संगणकही मिळत होता. त्याची किंमत ८,१५० डॉलर होती आणि तो अवकाशयानातूनही गेला. आजच्या प्रत्येक लॅपटॉपचं घडीचं रूप ग्रिडकडूनच आलं. पण १९८३ मध्ये रस्त्यावर उभं राहून काम करणाऱ्या माणसाच्या हातात मॉडेल १०० होता, कारण त्याच्या वजनाचा आणि वेळेचा हिशेब जमला होता.

न्यूटन आणि पायलट

जानेवारी १९९२ मध्ये ॲपलचे प्रमुख जॉन स्कली यांनी लास व्हेगासच्या प्रदर्शनात हातात धरायच्या नव्या प्रकारच्या यंत्राची घोषणा केली. पडद्यावर पेनाने लिहा, यंत्र तुमचं अक्षर वाचेल, असं वचन होतं. दीड वर्ष चर्चा तापत राहिली. ऑगस्ट १९९३ मध्ये ‘न्यूटन मेसेजपॅड’ विक्रीला आला आणि माणसांचं अक्षर त्याला धड वाचता आलं नाही. ‘डून्सबरी’ या गाजलेल्या व्यंगचित्रमालिकेने त्याच्या चुकांची टर उडवली आणि तीच प्रतिमा लोकांच्या मनात बसली. नंतरच्या मॉडेलांमध्ये अक्षर वाचण्याची क्षमता खूप सुधारली, पण लोकांचं मन वळलं नाही. १९९८ मध्ये ॲपलने न्यूटन बंद केला.

याच काळात जेफ हॉकिन्स हे अभियंते उलट बाजूने विचार करत होते. त्यांनी खिशात मावेल असा लाकडाचा ठोकळा कापून घेतला आणि तो घेऊन ते वावरू लागले. बैठकीत कोणी तारीख विचारली की ठोकळा बाहेर काढायचा आणि त्यावर लिहिल्याचा अभिनय करायचा. आपल्याला हे यंत्र नेमकं केव्हा लागतं, त्यावर काय पाहावंसं वाटतं, हे त्यांनी चिप निवडण्याआधी शोधून काढलं. त्यातून १९९६ मध्ये ‘पायलट’ आला. किंमत २९९ डॉलरपासून, दोन लहान सेलवर कित्येक आठवडे चालणारा. सगळ्यांचं अक्षर वाचण्याचा आग्रह त्याने सोडला आणि ‘ग्राफिटी’ नावाची सोपी केलेली अक्षरं वापरणाऱ्याला शिकायला लावली. लोकांनी ती शिकून घेतली. पायलटने थोडंच वचन दिलं आणि ते पहिल्या दिवसापासून पाळलं.

न्यूटनचा हिशेब मात्र इथे संपत नाही. त्याच्यासाठी कमी विजेवर चालणारी चिप हवी होती, म्हणून ॲपलने १९९० मध्ये एकॉर्न आणि व्हीएलएसआय या कंपन्यांसोबत ‘एआरएम’ ही कंपनी उभी करण्यात भाग घेतला. आज जगातल्या जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये एआरएमच्या रचनेवर आधारलेली चिप आहे. वर ज्या एम-१ चा उल्लेख आला, तीही त्याच कुळातली. न्यूटन बाजारात हरला, पण त्याच्यासाठी केलेल्या कामावर पुढच्या तीस वर्षांचे खिशातले संगणक उभे राहिले. म्हणून मी अपयशी यंत्रांना नावं ठेवत नाही. त्यांच्या वेळी त्यांना विकत घेणाऱ्यांना मात्र त्या तीस वर्षांचा काहीच फायदा मिळाला नाही, हेही विसरता येत नाही.

शंभर डॉलरचं स्वप्न

२००५ मध्ये निकोलस नेग्रोपोंटे यांनी जगातल्या गरीब मुलांसाठी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ हे त्या मोहिमेचं नाव. प्रत्यक्ष यंत्र २००७ मध्ये बनू लागलं तेव्हा किंमत १८० डॉलरच्या वर गेली होती. सुरुवातीच्या नमुन्यावर वीज निर्माण करण्यासाठी हाताने फिरवायचा दांडा होता, तो यंत्रात आला नाही. पण मेरी लू जेप्सन यांच्या पुढाकाराने घडलेला त्याचा पडदा खरोखर नवा होता. भर उन्हात त्यावर वाचता येई आणि तो फार थोडी वीज घेई.

या मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैरात या छोट्या वस्तीच्या शाळेत २००७ मध्ये झाला. वीसेक मुलांना ही हिरवी-पांढरी यंत्रं मिळाली. केंद्र सरकारने मात्र मोठ्या प्रमाणावर ती घ्यायला आधीच नकार दिला होता. पेरू देशाने लाखो यंत्रं घेतली. तिथल्या ग्रामीण शाळांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. संगणक मुलांच्या हाती पोहोचले होते, पण गणित आणि भाषा यांच्या गुणांत फरक दिसला नाही. यंत्र पोहोचवणं हा कामाचा एक भाग होता. शिक्षकांची तयारी, मुलांच्या भाषेतलं साहित्य आणि दुरुस्तीची सोय हे दुसरे भाग मागे राहिले होते.

याच मोहिमेमुळे स्वस्त लॅपटॉप बनू शकतो असा विश्वास कंपन्यांना आला. २००७ च्या अखेरीस तैवानच्या आसूसने ‘ई-पीसी ७०१’ आणला. सात इंची पडदा, ४ जीबी साठवण, वजन ९२० ग्रॅम. एका वर्षात जवळजवळ प्रत्येक कंपनीचा असा ‘नेटबुक’ बाजारात होता आणि लॅपटॉपचं भविष्य हेच, असं सांगितलं जात होतं. पाचेक वर्षांत नेटबुक संपला. की-बोर्ड बोटांना अपुरा होता, पडदा डोळ्यांना, आणि त्यावर विंडोज चालवली की चिप दमून जाई. वरून टॅब्लेट आणि खालून स्मार्टफोन यांनी त्याची जागा घेतली. पण हलका, स्वस्त लॅपटॉप हवा ही लोकांची मागणी नेटबुकने सिद्ध केली. त्यानंतर मोठ्या कंपन्यांना वजनदार, महागडी यंत्रं तशीच विकत राहणं अवघड झालं.

५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय मंत्री कपिल सिबल यांनी ‘आकाश’ टॅब्लेट जाहीर केला. जगातला सर्वांत स्वस्त टॅब्लेट म्हणून त्याची जगभर बातमी झाली. आत ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आणि २५६ एमबी रॅम होती. पडदा दाब देऊन चालणारा होता, नुसत्या स्पर्शाला दाद देत नसे. ज्यांनी तो वापरला त्यांची निराशा झाली. पुढे आयआयटी मुंबईकडे काम आलं आणि प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली सुधारित ‘आकाश २’ घडला. त्यात १ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम आणि बोटाच्या हलक्या स्पर्शावर चालणारा पडदा होता. तो ११ नोव्हेंबर २०१२ रोजी जाहीर झाला. नवं यंत्र जुन्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं, पण पहिल्या ‘आकाश’चं वचन फार मोठं असल्यामुळे लोकांचं लक्ष तोवर उडालं होतं.

विद्यार्थ्याच्या हातात स्वस्त पडदा असावा, ही दिशा इथेही बरोबर होती. ती पूर्ण झाली स्मार्टफोनमुळे, आणि २०१६ नंतर स्वस्त झालेल्या इंटरनेटमुळे. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा महाराष्ट्रातल्या असंख्य मुलांनी आईवडिलांच्या फोनवर धडे गिरवले. ज्या घरात फोन नव्हता, तिथलं मूल मागे पडलं. स्वस्त यंत्राचं स्वप्न पाहणारे चुकले नव्हते, हे त्या काळाने दाखवलं.

आजचा गाजावाजा

मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘कोपायलट प्लस पीसी’ या लॅपटॉपच्या नव्या वर्गाची घोषणा केली. या वर्गात बसायला किमान १६ जीबी रॅम हवी आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची आकडेमोड करणारा ‘एनपीयू’ नावाचा खास भाग हवा. त्याने सेकंदाला किमान ४० लाख कोटी क्रिया करायला हव्यात. सर्वांत गाजलेली सोय होती ‘रीकॉल’. पडद्याची चित्रं ठराविक वेळाने साठवून ठेवायची आणि आपण पूर्वी काय पाहिलं ते शोधून द्यायचं. ही साठवण पुरेशी सुरक्षित नाही, हे अभ्यासकांनी लगेच दाखवून दिलं आणि मायक्रोसॉफ्टने सोय पुढे ढकलली. ती सर्वांसाठी खुली होऊ लागली २०२५ च्या एप्रिलमध्ये. ज्यांनी पहिल्याच खेपेला ही यंत्रं घेतली, त्यांना ज्या सोयीची जाहिरात पाहिली ती जवळपास वर्षभर मिळाली नाही.

त्यांना एक गोष्ट मात्र लगेच मिळाली. त्या वर्गातल्या पहिल्या लॅपटॉपमध्ये क्वालकॉमच्या एआरएम कुळातल्या चिप होत्या आणि त्यांची बॅटरी आधीच्या विंडोज लॅपटॉपच्या तुलनेत उत्तम टिकत होती. घोषणा झाली बुद्धिमत्तेची, पदरात पडली ती दिवसभर पुरणारी बॅटरी. माझ्या मते ती जास्त मोलाची आहे.

स्वतःच्याच यंत्रावर चालणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेची दिशा मला योग्य वाटते. आपली कागदपत्रं दूरच्या सर्व्हरवर न पाठवता त्यांचा सारांश मिळावा, नेट नसलेल्या गावात मराठी बोलणं लिहून निघावं, ही कामं खरी गरजेची आहेत. ती किती लवकर आणि किती चांगली होतील, हे लॅपटॉपवर चिकटवलेल्या स्टिकरवरून ठरणार नाही.

घेण्यापूर्वी

लॅपटॉपच्या जाहिरातीतला सर्वांत फसवा आकडा बॅटरीच्या तासांचा असतो. ‘१८ तासांपर्यंत’ असं लिहिलेलं असतं तेव्हा बहुधा पडद्याचा उजेड कमी ठेवून सलग व्हिडिओ चालवलेला असतो. त्याऐवजी बॅटरीची क्षमता वॉट-तासांत किती आहे ते पाहा. ५० वॉट-तासांची बॅटरी आणि सरासरी ५ वॉट वीज घेणारं यंत्र असेल तर दहा तास मिळतील. तुमच्या कामाला १० वॉट लागत असतील तर पाचच. साधारणपणे १०० वॉट-तासांपर्यंतचीच बॅटरी विमान कंपनीच्या वेगळ्या परवानगीशिवाय नेता येते, त्यामुळे क्षमता वाढवत नेण्यालाही मर्यादा आहे. म्हणून कमी वीज खाणारी चिप हीच बॅटरीची खरी सुधारणा समजा.

वजन पाहताना त्यात चार्जरचं वजन मिळवा. रॅम बोर्डवर कायमची जोडलेली असेल तर ती पुढे वाढवता येणार नाही, म्हणून किती हवी ते घेतानाच ठरवा. सर्वांत कमी किमतीचं मॉडेल बहुधा जाहिरातीपुरतं असतं. त्यातली रॅम आणि साठवण तुम्हाला तीन वर्षं पुरेल का, ते विचारा. मराठीत टाइप करून पाहा, मराठीत बोलून पाहा. ‘ही सोय पुढच्या अपडेटमध्ये येईल’ असं दुकानदाराने सांगितलं तर ती सोय नाही असंच धरा. नवं मॉडेल येताच आधीचं स्वस्त होतं, आणि लिहिणं, हिशेब, अभ्यास, बैठका यांसाठी ते बहुतेकांना पुरेसं असतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणारा, नीट तपासून घेतलेला, दोन-तीन वर्षं जुना चांगल्या बांधणीचा लॅपटॉप नव्या पण हलक्या प्रतीच्या यंत्रापेक्षा विद्यार्थ्याला अनेकदा जास्त साथ देतो.

नव्या यंत्रांची उत्सुकता मात्र सोडू नका. ऑस्बोर्न, न्यूटन, नेटबुक, आकाश यांच्यामागे उत्सुकतेने धावणारी माणसं नसती तर आजचा किलोभर वजनाचा, दिवसभर चालणारा लॅपटॉप आपल्या हाती आला नसता. घोषणा ऐका, प्रदर्शनात यंत्र हाताळा, त्याच्या कर्त्यांचं कौतुक करा. पैसे देताना मात्र एका कागदावर तुम्ही रोज करता ती तीन कामं लिहून दुकानात जा आणि ती तिन्ही कामं समोरच्या यंत्रावर स्वतः करून पाहा. जे त्या वेळी, त्या टेबलावर नीट चालेल, त्याचीच किंमत द्या.